तिकडचा अनुभव

आमच्या ऑफिसातले किस्से म्हणजे घरातले श्रीखंडाचे रिकामे डबे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही! म्हणून आज चहा होईपर्यंत थोडे तुमच्याकडे सरकवते.

मी सुनंदा, नागपूरची वकील, सध्या मुक्काम अमेरिकेत, बेलव्ह्यूला. आफ्रिकेतल्या कुठल्या देशात मोबाईलचे, ॲपचे, लोकांच्या डेटाचे काय कायदे येऊ घातलेत, हे आमची छोटी फर्म कंपन्यांना सांगते. इंटरव्ह्यूत बॉस क्रेगने विचारलं, "आफ्रिकेत कधी गेली आहेस?"

"नाही. नागपूरच्या कोर्टात नऊ वर्षं प्रॅक्टिस केलीय."

"परफेक्ट! म्हणजे उन्हाची सवय आहे!"

आणि नोकरी लागली!

*

टीममध्ये खरी आफ्रिकेची एकटी वांजिरू. केनियातल्या नाकुरूची, टेक्नॉलॉजी कायद्यातली मास्टर्स. तिचं स्वप्न एकच, आफ्रिका डेस्कची प्रमुख व्हायचं. "आमचे कायदे आम्हाला विचारून व्हावेत, एवढंच," म्हणायची.

आमची पद्धत अशी की एका देशाचा अहवाल झाला की नाव बदलून दुसऱ्याचा करायचा. फाइंड अँड रिप्लेस जिंदाबाद! एकदा मी केनियाच्या जागी घाना टाकलं आणि पाठवणारच होते, तेवढ्यात वांजिरूने हात धरला.

"सुनंदा, अभिनंदन! घानाला तू हिंदी महासागराचा किनारा दिलास."

घाना अटलांटिकवर! मी घाईघाईने तो किनारा खोडला. क्रेग मात्र शांत. "गुड कॅच. पण नकाशा कोण बघतंय?"

*

फोनवर 'मान्य' दाबलं की डेटा वापरायला फोनवाल्याची संमती मिळाली, असं क्रेगने एकदा लिहिलं. वांजिरू म्हणाली, आमच्याकडे हे चालणार नाही, आणि समजावून सांगायला लागली. कुणीही समजावायला लागलं की क्रेगचा हात वर जातो. "दोन ओळींत सांग!"

"माझ्या आत्याकडे फोन एक. वापरणारी माणसं अकरा."

पुढच्या महिन्यात एका कॉन्फरन्सच्या पडद्यावर हीच दोन वाक्यं झळकली, खाली नाव क्रेगचं! हॉलभर टाळ्या. वांजिरूही वाजवत होती.

*

मग ती प्रमुखाची जागा निघाली. अर्ज दोन. एक वांजिरूचा, दुसरा अमेयचा. अमेय माझ्या मैत्रिणीचा मुलगा, जन्म इथलाच, मीच इथे चिकटवलेला. ऑफिसातही मला मावशीच म्हणतो. पॅनेलवर क्रेग, एचआरची बाई आणि मी.

क्रेग म्हणाला, "वांजिरूला तिकडचा अनुभव कमी पडतो."

मला वाटलं, माझेच कान वाजले. जन्मापासून पंचवीस वर्षं तिकडे काढलेल्या बाईला! 'तुम्ही जरा कमी पडता' हे मी नागपुरात, आमच्या वस्तीतली पहिली वकील म्हणून, किती वेळा ऐकलं होतं. तरी त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. सांगायला आजही लाज वाटते.

दुपारी अमेय आला, चेहरा पांढराफटक. "मावशी, आय गॉट इट! बट यार, आय हॅव ओन्ली सीन द लायन्स!"

आईवडिलांबरोबर दहा दिवसांची सफारी, हाच त्याचा तिकडचा अनुभव.

*

वांजिरूने राजीनामा दिला. निरोपाच्या केकपाशी क्रेगने विचारलं, "आता पुढे काय?"

"घरी चालले. तिकडचा अनुभव घ्यायला."

"ग्रेट आयडिया!" क्रेग म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला हो!

जाताना तिने मला मिठी मारली आणि हळूच विचारलं, "पॅनेलवर तू पण होतीस ना?" मी तिच्यासाठी केकचा आणखी एक तुकडा कापला.

*

आता गेल्या महिन्याची गोष्ट. केनियातल्या एका नव्या नियमावर व्हिडिओवरून सुनावणी होती. आमच्याकडे सकाळचे सात. स्क्रीनच्या अलीकडे, कंपन्यांची बाजू मांडायला, क्रेग, अमेय आणि मी. पलीकडे नियम करणारे तीन अधिकारी, आणि मधल्या खुर्चीत वांजिरू!

अमेयच्या हातातली कॉफी सांडली. क्रेगला मात्र आनंद झाला. "आपलंच माणूस!" असं माइक बंद करून कुजबुजला आणि संमतीवर बोलत सुटला. आठ मिनिटं झाली. वांजिरूने हात वर केला.

"थँक यू. दोन ओळींत सांगा."

क्रेगने समोरचे कागद उलटेपालटे केले. अमेयकडे बघितलं. अमेयने माझ्याकडे. वांजिरूने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुनंदा, मग तू सांग. आज तू पॅनेलवर नाहीयेस."