कमांडबाई आणि भरलेली डिस्क

शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी मराठी मंडळाच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर डिस्कचे कप्पे लहानमोठे करायचं सॉफ्टवेअर टाकलं. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. कीबोर्डवर मी, शेजारच्या खुर्चीत बायको. मी हुकमाचा पहिला शब्द, ‘सुडो’, टाईप केला, तर पडद्यावर लटकती मात्रा आणि पुढे ‘ह्द’ असलं काहीतरी उमटलं.

“अहो, कीबोर्ड मराठीवर आहे. पुस्तकांची नावं मराठीत, हुकूम इंग्रजीत. बदला.”

मग पासवर्ड. टाईप करतोय तरी पडद्यावर काही दिसेना, म्हणून मी तोच तीनदा टाकला. “तो दिसत नसतो हो. एकदाच टाका. आणि बोटं आपटू नका, हे बाइंडिंग नाही.”

मयूर विहारात, आमच्या वस्तीत, तिला सगळे कमांडबाई म्हणत. माऊसला हात लावणं तिला कमीपणाचं वाटे. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायची आणि मशीन ऐकायचं. मी सरकारी छापखान्यात बाइंडर, शिक्षण सातवी. ती ऑफिसात टायपिस्ट. निवृत्तीनंतर फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम ती स्वतः शिकली, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर टाकली आणि एकेक पुस्तक, मुखपृष्ठाच्या फोटोसकट, तिथे चढवलं. यादीचा प्रोग्रामही तिचाच. लोक म्हणायचे, हा कमांडबाईचा नवरा. मला त्याचा माज होता. आजही आहे.

त्या फोटोंनीच यादीचा कप्पा भरला आणि मशीन अडायला लागलं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, छोडो ना यार. रविवारी दहाला दुकानवाला येतोय, नवी सिस्टीम टाकून देईल.”

“त्यावर माझी यादी चालेल?”

“ते... बघू की.”

“बघू नका. दहापर्यंत ठीक झालं नाही, तर खुशाल टाकू द्या.”

तिची एक सवय होती. काम झालं की ते सॉफ्टवेअर काढून टाकायचं, नाहीतर कुणीतरी उत्साही माणूस बटण दाबून सगळी डिस्क पुसेल. काढायचं तेही मुळापासून. नुसतं ‘रिमूव्ह’ तिला चालत नसे, ‘पर्ज’ लागे. मी फरक विचारला तर म्हणाली, “रिमूव्ह म्हणजे भाडेकरू गेला आणि खिळे भिंतीत राहिले.” सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडताना तिने खरोखर सगळे खिळे उपटून भोकं बुजवली होती. क्वार्टर ताब्यात घ्यायला आलेला बाबू बघतच राहिला.

शनिवारी आधी यादीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, मग ते सॉफ्टवेअर टाकलं, त्यातच चार वाजले. ती थकली. “कप्पा वाढवू उद्या सकाळी,” म्हणाली. तरी कुठे काय दाबायचं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. “डिस्कचं नाव वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. पेन ड्राइव्हही तिथेच दिसतो.”

घरी आल्यावर तिच्या छातीत दुखायला लागलं. ऑटोतून हॉस्पिटलात नेलं. साडेसातला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी हिंदीत सांगितलं. मला दोनदा सांगावं लागलं. सकाळी अकराला बॉडी ताब्यात देऊ, म्हणाले. पानिपतहून तिची बहीण सकाळी निघणार होती.

रविवारी आठला मी वाचनालय उघडलं. चष्मा पुसला. डिस्कचं नाव वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. कप्पा अनमाउंट केला, म्हणजे वापरातून सोडवला, शेजारच्या रिकाम्या जागेच्या टोकापर्यंत ओढला, हो म्हटलं. पट्टी सरकत होती तोवर उभाच होतो, बसवेना. हिरवी खूण आली. कप्पा परत जोडून यादी उघडली. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत सगळं जागेवर. मग ते सॉफ्टवेअर काढलं, खिळ्यांसकट.

दहाला सेक्रेटरी दुकानवाल्याला घेऊन आले. त्यांना रात्रीच कळलं होतं. दारातच थबकले.

“भाऊ, तुम्ही? आज?”

“मशीन ठीक आहे. ह्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.”

कुलूप लावलं आणि तिला आणायला हॉस्पिटलात गेलो.