सुलभाताईंचा डमी

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही—आणि तिला माझं काय ठाऊक नसतं? आजवर कुणाजवळच बोललो नाही. तुमच्याजवळ बोलतो.

आधी सांगतो, माझं बरं चाललंय. अमरावतीत माझा ऑर्केस्ट्रा आहे, लग्नसराईत जेवायला सवड नसते, आणि एका सिनेमाला मी संगीत दिलंय. ती गाणी मला अजून आवडतात—स्वतःचीच स्तुती, पण आवडतात. सिनेमा केला वलगावच्या सुमेधने, त्याचा पहिलाच. त्याची मागणी अजब होती. गाणी नवी कोरी हवीत, पण ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही आपण लहानपणी रेडिओवर ऐकली होती. एक कॅबरे, एक कव्वाली, एक डिस्को, एक टांग्यातलं. जन्मभर जुनी गाणीच वाजवलेल्या माणसाला आणखी काय हवं?

सगळ्या गाण्यांचे डमी सुलभाताईंनी गायले. डमी म्हणजे कच्चं गाणं. ते ऐकून नंतर नावाजलेली गायिका पक्कं गाते. ताई अकोल्याच्या, माझ्याहून मोठ्या. दिवसा शिवणक्लास, संध्याकाळी माझ्या ऑर्केस्ट्रात गाणं. मे महिना होता. आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंगला कूलर बंद. कॅबरेच्या अंतऱ्यात घाम डोळ्यांत गेला, ताई शब्द विसरल्या आणि खुदकन हसल्या. मी ते तसंच ठेवलं.

आता पुढचं... कसं सांगू?

डमी ऐकून सुमेध म्हणाला, "सर, आता दुसरं कोनी कायले पाह्यजे? ताईलेच गाऊ द्या. पन संगीत तुमचं हाय, तुमी ठरवा."

मी ठरवायचं होतं—ऐकलंत ना? आणि मी मुंबईची गायिका ठरवली.

का? ताईंचा आवाज कमी पडत होता? छे! पण लोक मला कायम "सुलभाताईंचा कीबोर्डवाला" म्हणत आले. ऑर्केस्ट्रा माझा, टाळ्या त्यांना. निदान पोस्टरवर तरी माझ्या नावाशेजारी त्या नकोत—एवढंच मनात होतं. जळत होतो मी, दुसरं काही नाही.

आणि ताईंना काय सांगितलं? तोंड पाडून सांगितलं, की सुमेधला ऑर्केस्ट्रातला आवाज नको आहे, मी त्याच्याशी खूप भांडलो. त्या उठल्या. मग मलाच चहा करून दिला. "तू काहून जीवाले लावून घेतं, बापा? गानं त आपलंच हाय ना." तो चहा मी प्यायलो.

मुंबईच्या बाईंनी डमी ऐकून गाणं उचललं, हसण्यासकट. त्यांना वाटलं, तेही चालीतच आहे. आता लग्नात ते गाणं लागलं की बायका नेमक्या तिथे हसतात. ताईही हसतात. ते पाहून मला—खरं सांगू?—बरं वाटतं. असा मी आहे.

अकोल्यात सिनेमा लागला तेव्हा सुमेध ताईंच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी पाय मागे घेतले. पोरगा गोंधळला. मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, ताई माह्यावर काहून नाराज हायेत?" मी म्हणालो, तब्येत बरी नसेल.

मागच्या महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. दुसरा सिनेमा करतोय. "या वेळी मी कोनाचं आयकनार नाही सर. ताईच गातीन." मी अकोल्याला गेलो. वाटेत ठरवलंही होतं, की आज सांगून टाकायचं. ताई मशीनवर बसल्या होत्या. सुमेधचं नाव काढताच मशीन थांबलं.

"ज्यानं माह्या आवाजाले नाव ठेवलं, त्याच्यासाठी गाऊ मी? तूच भांडला होता ना माह्यासाठी!"

मी होकारार्थी मान हलवली.

बाहेर येऊन सुमेधला फोन लावला. ताई नाही म्हणतात, म्हणालो. त्याने कारण विचारलं. मी म्हणालो, आवाज आता पहिल्यासारखा लागत नाही रे त्यांचा.

आवाज पहिल्यासारखाच आहे.