तिने आधीच सांगितलं होतं, बोट उलटवू नका

मंडळी, दुपारी राजोडीच्या किनाऱ्यावरून आलो, पण राग अजून उतरलेला नाही.

स्पीडबोटीमागे ओढतात त्या फुगवलेल्या बनाना बोटीवर बसण्याआधी माझ्या बहिणीने बोटवाल्याला दोनदा बजावलं होतं, "दादा, मला पोहता येत नाही. शेवटी बोट उलटवू नका."

"टेन्शन नको, ताई," तो म्हणाला. तिच्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं, तिथे त्याने सुतळी बांधून दिली.

परतताना त्याने गर्रकन वळण घेतलं आणि सगळ्यांना पाण्यात पाडलं. सुतळी सुटली, जॅकेट बहिणीच्या तोंडावर आलं आणि ती दिसेनाशी झाली. तिथेच होडीतून मासळी उतरवणारी, मघाचं बोलणं ऐकलेली एक कोळीण मावशी पाटी टाकून छातीभर पाण्यात धावली आणि तिने बहिणीला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अरे, मजा तर त्यातच असते ना!" बोटवाला म्हणाला.

मावशी कडाडली, "पोरगी 'नको' बोलली ना तुला? पानी काय तुज्या बापाचा हाय?"

बहीण सुखरूप आहे. मी काठावरून व्हिडिओ काढत होतो. ती किंचाळते तिथे माझं हसणं स्पष्ट ऐकू येतं.

पाण्याजवळ कुणी 'नको' म्हणालं, की ते लटकंच असणार, असं आपण का धरून चालतो?