जिजी आणि खाणीतली विहीर

विळ्याची पाठ समोर दिसेल त्यावर आपटायची आणि म्हणायचं, "झाकेल शे, बुजेल नई!" नुसतं झाकलंय, बुजवलेलं नाही. आमच्या गावातली ही बाई, जिला सगळे जिजी म्हणत, हे वाक्य कुठेही लावी. गटारावरच्या फरशीला, खड्ड्यात लोटलेल्या मुरमाला, एकदा तर भर लग्नात नवरदेवाच्या टोपीला. टोपीखालचं टक्कल तिनं हळदीच्या दिवशी पाहिलं होतं.

तुमच्याही गावात अशी एखादी तोंडाळ बाई असेल. आमचं हसू मात्र लवकर ओसरायचं, कारण ते वाक्य कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गावाबाहेर दगडाची खाण होती. क्रशरला पाणी हवं म्हणून मालकानं खाणीच्या तळाशी उभ्या खडकात अरुंद, खोल विहीर खणली. कठडा नाही, काही नाही. दगड संपला, क्रशर हलला. विहीर बुजवायची सोडून मालकानं तिच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, वर फ्लेक्स पसरला आणि मुरूम लोटून दिला. उघडी होती तोवर गुरंसुद्धा तिला टाळून चरायची. झाकल्यावर ती कुणालाच दिसेना. चुकलेली म्हैस शोधत जिजीची जाऊ तिथून चालली आणि आत गेली.

दोघी जावांचं बांधावरून जुनं वैर. तिला वर काढल्यावर जिजीनं तिचा ओला पदर नीट केला आणि किंचाळली, "आते मी कोनासंगे भांडू वं?"

एवढं झाल्यावर विहिरीवर काय आलं, सांगू? एक पत्रा आणि त्यावर ठेवलेले दगड.

पुढे खाण सपाट करून तिथं झाडं लावायचं सरकारी काम निघालं. माझा जेसीबी त्या कामावर होता. इंजिनिअर मॅडमनी सगळं नीट समजावलं होतं. आधी आतला कचरा काढायचा, मग तळापासून मोठे धोंडे, त्यावर लहान दगड, वर पाणी मारून ठोकलेला मुरूम. शेवटी विहिरीच्या तोंडाहून रुंद काँक्रीटचा स्लॅब, पक्क्या खडकावर टेकलेला. मॅडमची गाडी वळली आणि ठेकेदार मला म्हणाला, "पत्रावरच मुरूम लोटी दे. फोटोमा काय दिसस?"

मी काही बोलायच्या आत जिजी खाणीत उतरली आणि बकेटसमोर उभी राहिली.

"म्हातारी, बाजूले सरक," ठेकेदार म्हणाला.

"अठे तुन्ही माय पडनी ऱ्हाती, ते असंच झाकतास का रे?"

तो हसला. त्या हसण्यानं माझंही डोकं फिरलं. गाडी बंद करून मी किल्ली खिशात टाकली आणि मॅडमना फोन लावला. त्या दुपारीच परत आल्या. विहीर सांगितल्याप्रमाणे भरेपर्यंत बाकीचं काम बंद, असं त्यांनी ठेकेदाराला तोंडावर सांगितलं.

मोटार लावून पाणी उपसलं, मग कचरा ओढायला दोराला बांधून लोखंडी आकडा सोडला. फांद्या वर आल्या. मागोमाग फ्लेक्स आला, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. चिखलातून फोटोतला खाणमालक हात जोडून हसत होता. जिजी त्या चेहऱ्यावर थुंकली. कुणी तिला आवरलं नाही. मॅडम दुसरीकडे बघत राहिल्या.

विहीर भरत होती तोवर जिजी रोज येऊन माझ्यावर ओरडे, "हळू टाक रे, खाले मानूस पडेल व्हतं!" एवढाले धोंडे हळू कसे टाकायचे? तरी मी जमेल तितके हळू टाकत गेलो.

स्लॅब पक्का झाल्यावर ती त्यावर चढली, टाच आपटली आणि जाऊचं नाव घेऊन हाक मारली. भांडण झाल्यापासून ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. खालून काही घुमून आलं नाही. मग ती तिथंच बसली आणि रडली. रडतानाही शिव्या चालूच होत्या.

झाडं लावायच्या दिवशी मांडव पडला. सत्कार कुणाचा? खाणमालकाचा, गावाला जमीन दिल्याबद्दल! जिजीला कुणी बोलावलंही नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि शेजारी वाजवत होता त्याचा हात धरला.

गेल्या हिवाळ्यात जिजी तापानं गेली. खाणमालक गाडीतून उतरला, हातात हार घेऊन. जिजीची मुलगी दारात आडवी उभी राहिली.

"दादा, मन्ही मायनी तुमले माफ करं नई," ती म्हणाली. "मी कसाले करू?"

अंगण माणसांनी भरलं होतं. तो हार धरून उन्हात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.