शैलाच्या आमटीचं मीठ

सोमवारी सकाळी मेसमधल्या एका मुलीचा फोन आला. "मॅडम, काकू ओट्यापाशी बसल्यात, पण हाक मारली तरी उठतच नाहीयेत." मी म्हणाले, "अगं, डोळा लागला असेल, जरा मोठ्यानं हाक मार." असं म्हणाले मी! वर फोन ठेवून चहाचा घोटही घेतला. मग खालून रडण्याचा आवाज आला आणि मी जिना उतरले. कशी उतरले, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आदल्याच संध्याकाळी माझ्यासमोर वाटीतून वाइन पिऊन पोट धरून हसलेली बाई... काही आठवडे झाले, मला अजून पटत नाही.

शैला मूळची धरणाकाठच्या डाळज गावची. नवरा गेल्यावर ती बारामतीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कॉलेजच्या मुलींसाठी मेस चालवायला लागली. मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, बरोबर तिच्या डोक्यावर राहणारी. तिची आमटी म्हणजे नुसता जाळ. चिंच सढळ, तिखट त्याहून सढळ. पोरी नाक पुसत जेवायच्या आणि परत वाढून घ्यायच्या. मी जन्माची सपक खाणारी. पहिल्यांदा तिच्याकडे जेवले तेव्हा डोळ्यांतून पाणी काढत विचारलं होतं, "शैला, हे जेवण आहे की शिक्षा?" "धरणाकाठची माणसं आमी, आमाला असलंच लागतं," म्हणाली आणि वर आणखी एक पळी वाढली.

मग ती साथ आली. शैलाचा ताप उतरला, पण गेलेली चव आणि वास काही परत आले नाहीत. डॉक्टर म्हणायचे, येईल हळूहळू. एक दिवस आमटीत दोनदा मीठ पडलं आणि पोरींनी ताटं तशीच सोडली. त्या दुपारी ती वर आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "नलू, कुणाला सांगू नगंस. मेसवाल्या बाईची जीभ गेली म्हणल्यावर कोण जेवंल हितं?" त्यानंतर रोज सकाळी, पोरी यायच्या आधी, मी खाली जायचे. ती स्टीलच्या छोट्या वाटीत आमटी घालून पुढं करायची. "बघ गं, बरोबर हाय का?" मी चाखून सांगायचे, चिमूटभर मीठ टाक, जरा गूळ टाक, तिखट नको. आणि शेवटी म्हणायचे, "बरोबर आहे." ते ऐकल्याशिवाय ती पातेल्यावर झाकण ठेवायची नाही. खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्या पोरी माझ्या जिभेचं जेवत होत्या. शैलाला ते कळत होतं. गूळ टाकताना तिचा चेहरा पडायचा.

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते. त्या रविवारी तिचा भाचा अमोल डाळजहून ताजी चिलापी घेऊन आला. तो जवळच्याच एका वाइनच्या कारखान्यात कामाला आहे. माशांबरोबर एक बाटलीही आणली होती. "आत्या, लई म्हाग न्हाय ही, आमच्याकडची स्वस्तातलीच हाय. रिझलिंग म्हणत्यात. सगळ्या साखरेची दारू हुं देत न्हाईत, थोडी मागं ठेवत्यात. आधी गोड लागती, मग आंबट. तिखटासंगं घ्या." एवढं बोलून तो गेला. आम्ही दोघी बाटलीकडे बघत बसलो.

"दारूच की गं ही," शैला म्हणाली.

"द्राक्षांची आहे."

"व्हय? मग फळच म्हणायचं."

ग्लास वगैरे कुठले! रोजच्या चाखायच्या दोन वाट्या विसळल्या, बाजूला चिलापीचे तळलेले तुकडे. मी आधी घेतली. मला ती सरबतासारखी लागली, फक्त गिळल्यावर कान गरम झाले. मग शैलानं घोट घेतला आणि थांबली. पुन्हा घेतला. "अगं बया... गोड लागतंय." आणखी एक घोट. "आता आंबट... कडंला ईडलिंबू... नलू, ईडलिंबू लागतंय मला!" घाईघाईनं माशाचा तुकडा तोंडात टाकला, ठसका लागला आणि ठसक्यातच ओरडली, "तिखट कळतंय गं!" मग रडली काय, हसली काय, पदरानं माझंच तोंड पुसलं काय! मीही हसले. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गोड-आंबट तर अमोलनं आधीच सांगून ठेवलं होतं. आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारी मी तिला रोज दिसत होते.

"उद्यापास्नं येऊ नगंस," ती म्हणाली. "तुज्या गुडघ्यांना सुट्टी. माजं मी बघीन."

"शैला, खरं सांगतेस ना? माझी दया येऊन नाही ना?"

"उद्या दुपारी ताट पाठवते वर. मग सांग."

म्हणून सोमवारी मी गेले नाही. रोज जायच्या वेळेला वर चहा घेत बसले होते. डॉक्टर म्हणतात, तुम्ही असतात तरी काही करता आलं नसतं. म्हणू देत.

उरलेली अर्धी बाटली आता माझ्या फ्रिजच्या दारात आहे. अमोल म्हणतो, बिघडली असंल, ओतून टाका मावशी. मी ओतत नाही. तिची ती वाटीही माझ्याच ओट्यावर असते, रोज सकाळी हात तिच्याकडे जातो.

ती वाटी मी त्या सोमवारी दुपारीच वर आणली. शैलाला डाळजला नेल्यावर घर बंद करायला मी आत गेले होते. गॅस तिनंच बंद केलेला, अर्धी निवडलेली कोथिंबीर ताटात तशीच. आणि आमटीच्या पातेल्यावर झाकण होतं. माझं ऐकल्याशिवाय कधी न ठेवलेलं झाकण! शेजारी वाटी, तळाशी आमटीचा सुकलेला ओघळ. मी झाकण काढलं, त्याच वाटीत पळीभर घेतली आणि तोंडाला लावली. नुसता जाळ! चिंच सढळ, गुळाचं नाव नाही. नाका-डोळ्यांतून पाणी आलं, मला पुढचं दिसेना.

आणि आमटीत मीठ अगदी बेताचं, जिथल्या तिथं होतं.

"बरोबर आहे, शैला," मी म्हणाले आणि झाकण परत ठेवलं.