नवरात्रात सोडलेली गोळी

आरतीत डोळे भरून येणं, एवढंच माझं वैभव होतं आणि तेच हरवलं. सात वर्षं मी नैराश्यावरची गोळी घेतोय. तिने मला वाचवलं, हे खरंच. बेलापूरच्या कचेरीत वेळेवर जातो, जेवतो, झोपतो. पण जुईनगरला आमच्या देवीपुढे उभा राहिलो की आत काही हलत नसे. शेजारचे गहिवरायचे आणि मी आपला टाळ्या वाजवणारा पाहुणा. त्या गहिवरासाठी मी किती तळमळलो, ते घरीही सांगितलं नाही.

म्हणून गेल्या नवरात्रात लोक चपला सोडतात तशी मी गोळी सोडली. देवीसाठीच करतोय तर डॉक्टरांना कशाला विचारायचं, हा माझा शहाणपणा.

पाचव्या माळेला सकाळी रांगेतच डोकं गरगरलं. नजर वळवली की मेंदूत विजेचे झटके. कसाबसा देवळाच्या पायरीवर बसलो. शेजारी एक अनोळखी कोळीण मावशी बसल्या होत्या. पाण्याची बाटली पुढे करून त्यांनी सहज विचारलं, "उपास हाय? काय सोडलंस?" का कुणास ठाऊक, मी खरं सांगून टाकलं.

"मना म्हावरा आवडतो, म्हनून मी मासलीच सोडलीय," त्या म्हणाल्या. "गोली तुला आवडते का?"

"नाही."

"मंग देवीला काय दिलंस तू? नको झालेलं? आधी डाक्टरला फोन लाव."

मी फोन लावेपर्यंत त्या हलल्या नाहीत. डॉक्टर रागावले, मग नीट समजावलं. गोळीमुळे मेंदूच्या पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन हे रसायन जास्त वेळ टिकतं, वर्षानुवर्षांत मेंदू त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो आणि आधार एकदम काढला की तोल जातो. मग मी गहिवराचंही सांगितलं. भावना बोथट होणं हाही काहींच्या बाबतीत औषधाचा परिणाम असतो, म्हणाले. "हे आधी का नाही बोललात? आज गोळी पुन्हा सुरू करा, मग हळूहळू डोस कमी करून बघू."

मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांना कुणी धाडलं, याचा मी वाद घालत नाही, फक्त हात जोडतो. डोस थोडा उतरलाय. गहिवर अजून आलेला नाही आणि त्याची ओढही गेलेली नाही. पण यंदा घट बसले तेव्हा मी स्वतःला विचारलं, मला सगळ्यात जास्त काय आवडतं? देवीपुढे रडणं. मग त्या रडण्याचा हट्टच सोडला. रोज रात्रीची गोळी घेतो आणि सकाळी कोरड्या डोळ्यांनी तिच्यापुढे उभा राहतो.