तिचं हसणं आणि बी विंगचा सिनेमा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, गणपतीच्या दिवसांत हिंदी सिनेमांची टर उडवायचं काम माझ्याकडे होतं. दरवर्षी मी एक नाटुकलं लिहायचो, बसवायचो आणि अख्खा मांडव पोट धरून हसायचा. हसायची नाही ती फक्त माझी बायको. तांदूळ निवडता निवडता तिने घरी प्रत्येक वाक्य ऐकलेलं असायचं. "छान झालं हो," म्हणायची आणि खुर्च्या आवरायला लागायची.

मग बी विंगमध्ये लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा एक जण राहायला आला. मंडळाने त्याला विडंबनाचा सिनेमाच करायला सांगितला. मला म्हणाले, "यंदा तुझं राहू दे ना यार. टीव्हीवर आपण सगळे दिसणार, मजा येईल."

आरतीनंतर मांडवात टीव्ही लावला. मी चुका काढायच्या तयारीनेच बसलो होतो. पण लेकाच्याने चांगलं केलं होतं. गच्चीवर खलनायकाचा अड्डा. नायकाला पाण्याच्या टाकीत बुडवायला सगळे निघतात, तेवढ्यात आमचे खरेखुरे सेक्रेटरी वर येऊन सांगतात, "बुडवा, पण पाणी संध्याकाळपर्यंत पुरवायचंय." त्यावर नायक आणि खलनायक दोघं मिळून टाकीचं झाकण लावतात. हा विनोद मला सुचायला हवा होता. त्या टाकीचं पाणी मी त्याच्या आधीपासून पीत होतो. शेजारी बायको तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. लग्नानंतर इतकी हसलेली मी तिला पाहिली नव्हती. माझ्या पोटात दुखायला लागलं ते वर्षभर दुखत राहिलं.

दुसऱ्या वर्षी सिनेमा घसरला. एकदा टाळ्या मिळाल्या की माणूस सोप्याच्या मागे लागतो. साडी नेसलेला मिशीवाला, केळीच्या सालीवरून पडणं, नटांच्या नुसत्या नकला. विडंबनात मूळ सिनेमाचा खोटेपणा पकडावा लागतो, हे मी दुधाच्या रांगेत भेटेल त्याला ऐकवत होतो. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, "पण मी झकास दिसलो ना त्यात?" बायको त्याही वर्षी हसली होती. मला ते जास्त झोंबलं.

तिसऱ्या वर्षी पुरती वाट लागली. तीच साडी, तीच मिशी, आणि तीच केळीची साल. कोणी हसेना. पोरं उठून खेळायला गेली. तो टीव्हीपाशी एकटाच बसून आवाज कमीजास्त करत होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात माझ्या शेजारून हसू ऐकू आलं. बायको एकटी, मोठ्याने, जिथे जिथे हसू यायला हवं होतं तिथे तिथे हसत होती. लोक वळून बघायला लागले. मग दोघी-तिघी उगाच तिच्याबरोबर हसल्या. त्याने मागे वळून पाहिलं, त्याचा चेहरा जरा सैल झाला.

जिना चढताना मी विचारलं, "हसण्यासारखं काय होतं गं त्यात?"

"काहीच नाही हो."

"मग?"

"चारचौघांत पडलं बिचाऱ्याचं. कोणीतरी हसायला नको?"

"माझ्या नाटकाला कधी हसली नाहीस ती?"

"तुमचं कुठे कधी पडलं?" असं म्हणून तिने कुलूप काढलं आणि भात गरम करायला आत गेली.

मी गॅलरीत उभा राहिलो. खाली मांडवात तो टीव्हीची वायर गुंडाळत होता. आपलं एखादं तरी नाटक सपशेल पडायला हवं होतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.